तेरणेवरचे बर्गे

धाराशिव जिल्हा दोन खोऱ्यांच्या माथ्यावर वसलेला असून त्याच्या एका अंगाचे पाणी तेरणा आणि मांजरा या नद्यांतून गोदावरीला, तर दुसऱ्या अंगाचे सीना आणि बोरी यांतून भीमेला मिळते. अशा माथ्यावरच्या नद्या पावसाळ्यात दुथडी भरतात आणि उन्हाळा लागण्यापूर्वीच त्यांची धार तुटते. नदीत पाणी तर अडावे, पण काठची शिवारे बुडू नयेत आणि पुराची वाटही मोकळी राहावी, ही गरज कोल्हापुरी पद्धतीच्या बंधाऱ्याने सर्वांत कमी ढवळाढवळ करून भागवली आहे.

या बंधाऱ्यासाठी पात्रात पक्का पाया धरून ओळीने खांब उभारतात. दोन खांबांमधील मोकळ्या जागेला गाळा म्हणतात आणि तो साधारणतः 2 मीटर रुंद असतो. खांबांच्या कडांना वरपासून खालपर्यंत दोन-दोन उभ्या खाचा असतात. पावसाळाभर गाळे उघडेच राहत असल्याने पुराबरोबर वाळू आणि माती पुढे निघून जाते, आणि नंतर अडवलेले पाणी काठांच्या आतच मावते, त्यामुळे कोणाचे घर वा शेत उठवावे लागत नाही.

पाणी अडवतात ते बर्ग्यांनी. बर्गा म्हणजे खाचेत सरकवायची आडवी फळी. ती पूर्वी लाकडी असे, आता बहुधा लोखंडी असते. खाचेत आणि तळाच्या उंबऱ्यावर अडकलेले खडे, काटक्या आधी नीट काढाव्या लागतात, कारण सर्वांत खालच्या बर्ग्याखाली एक गोटा राहिला तरी तेथून पाणी झिरपत राहते. मग एकावर एक बर्गे बसवून दोन रांगा उभ्या करतात आणि त्यांच्यामधल्या पोकळीत चिकण काळी माती थराथराने ठासतात; पाणी चढू लागले की त्याचाच दाब बर्ग्यांना खाचेशी घट्ट धरतो.

खरी कसोटी वेळेची असते. सह्याद्रीतून येणाऱ्या कोल्हापूरकडच्या नद्या पावसाळा संपल्यावरही बराच काळ वाहतात. तेरणेला तेवढी सवड नाही. येथे मोठा पाऊस पुष्कळदा सप्टेंबरात, परतीच्या वाटेवर पडतो. बर्गे घाईने घातले आणि त्यानंतर पूर आला, तर बंद गाळ्यांवर थडकलेले पाणी बाजूचा काळ्या मातीचा काठ कोरून स्वतःची वाट काढते, तेव्हा बंधारा जागच्या जागी राहतो आणि लगतचे शेत मात्र वाहून जाते. उलट, आठ-दहा दिवसांचा उशीर झाला की अडवण्याजोगे पाणी पुढे गेलेले असते. म्हणून बर्गे घालण्याचा निर्णय कॅलेंडरच्या तारखेपेक्षा आभाळ आणि नदीची धार पाहून, काठावरच्या माणसांनी घ्यावा हेच योग्य; सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांकडे सोपवणारा कायदा महाराष्ट्राने 2005 मध्ये केलेलाच आहे.

मांजरेवर आता उभ्या उचलदारांचे बॅरेज झाले आहेत आणि ऐन पुरात दार उचलता येणे हा त्यांचा मोठा गुण आहे. परंतु लहान नद्यांवर तो खर्च परवडत नाही, आणि तेथे मे महिन्यात बर्गे काढून, मोजून, कुलपाच्या खोलीत ठेवणे हे बंधारा बांधण्याइतकेच महत्त्वाचे काम ठरते, कारण चोरीला गेलेल्या दोन-चार बर्ग्यांपायी पुढच्या हंगामात एखादा गाळा उघडा राहतो आणि त्यातून सारे पाणी निघून जाते.