परिमित घटक पद्धती : अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी एक ओळख

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे सातारा जिल्ह्यातील कोयना परिसर भूकंपाने हादरला. रिश्टर मापनश्रेणीवर सुमारे साडेसहा तीव्रतेच्या या धक्क्यात दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि कोयनानगरची वस्ती उद्ध्वस्त झाली. १०३ मीटर उंचीचे कोयना धरण मात्र उभे राहिले. परंतु पाहणीत असे दिसून आले की, सांडव्याच्या बाजूंच्या उंच खंडांना आडव्या भेगा पडल्या आहेत. या भेगा पायथ्याशी नव्हत्या. माथ्यापासून सुमारे ३६ मीटर खाली, धरणाच्या मागील बाजूचा उतार जेथे एकाएकी बदलतो, त्या उंचीच्या आसपास त्या होत्या.

हे अनपेक्षित होते. त्या काळच्या रूढ संकल्पन-पद्धतीत भूकंपाचा जोर म्हणजे धरणाच्या वजनाचा एक ठरावीक अंश, असे मानले जाई. कोयनेसाठी तो वजनाच्या शेकडा ५ धरला होता आणि पायथ्यापासून माथ्यापर्यंत सारखाच मानला होता. या हिशेबाने खरी काळजी पायथ्याची. मग भेगा वर का पडल्या? या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर ज्या गणितामुळे मिळाले, त्याला परिमित घटक पद्धती असे म्हणतात. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना ती 'फायनाइट एलिमेंट मेथड' या इंग्रजी नावाने अधिक परिचित आहे. आज पूल, धरणे, विमाने, मोटारी आणि यंत्रांचे सुटे भाग यांच्या संकल्पनात तिचा सर्रास उपयोग होतो. म्हणूनच तिचे सामर्थ्य आणि तिच्या मर्यादा या दोन्हींची जाण विद्यार्थिदशेतच येणे आवश्यक आहे.

अखंडाचे तुकडे

तुळई किंवा गोल दांडा अशा साध्या आकारांतील प्रतिबले पाठ्यपुस्तकातील सूत्रांनी काढता येतात. प्रत्यक्षातील वस्तू मात्र इतक्या सरळ नसतात. त्यांना भोके असतात, खाचा असतात, त्यांची जाडी जागोजागी बदलते. अशा वस्तूंना लागू पडणारी अवकल समीकरणे मांडता येतात, पण बहुधा ती सोडविता येत नाहीत. परिमित घटक पद्धती या अडचणीतून वेगळा मार्ग काढते. संपूर्ण वस्तूचे कोडे एकदम सोडविण्याऐवजी ती वस्तूचे लहान लहान, साध्या आकाराचे घटक पाडते. प्रत्येक घटकाचे वर्तन सोप्या गणिताने मांडते आणि मग हे सारे घटक पुन्हा एकत्र सांधते.

ही विचाराची रीत भारतीय गणिताला अपरिचित नाही. कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी सोळाव्या शतकात भास्कराचार्यांच्या 'लीलावती'वर 'बुद्धिविलासिनी' ही टीका लिहिली. तीत वर्तुळाचा परिघ काढण्यासाठी आत बहुभुज आकृती काढून तिच्या बाजू १२ पासून दुपटीदुपटीने ३८४ पर्यंत वाढविण्याची रीत दिली आहे. वर्तुळाची वक्र रेषा मोजणे कठीण, सरळ बाजू मोजणे सोपे. बाजू जितक्या अधिक, तितके उत्तर सत्याच्या जवळ. परिमित घटक पद्धतीचा गाभा हाच आहे.

एक छोटे उदाहरण

वरच्या टोकाला पक्का बसविलेला, १ मीटर लांबीचा एक पोलादी दांडा घेऊ या. त्याचे छेदक्षेत्र वर १,००० चौ. मिमी. असून ते एकसारखे कमी होत खालच्या टोकाला ५०० चौ. मिमी. होते. खालून १०० किलोन्यूटनचा ओढा लावला आहे. पोलादाचा स्थितिस्थापकता गुणांक २,००,००० न्यूटन प्रति चौ. मिमी. धरला, तर कलनशास्त्राने दांड्याची वाढ ०.६९३ मिमी. इतकी येते. हे अचूक उत्तर झाले.

आता कलनशास्त्र बाजूला ठेवून दांड्याचे घटक पाडावेत. प्रत्येक घटकाचे छेदक्षेत्र सर्वत्र सारखे, म्हणजे त्या भागाच्या सरासरीइतके मानावे. असा घटक म्हणजे एक स्प्रिंगच. तिचा ताठरपणा म्हणजे गुणांक आणि छेदक्षेत्र यांचा गुणाकार भागिले लांबी. दांडा एकच घटक मानला तर वाढ ०.६६७ मिमी. येते. दोन घटक पाडले तर ०.६८६ आणि चार पाडले तर ०.६९१ मिमी. चार तुकड्यांतच उत्तर हजारात तिनाच्या चुकीपर्यंत येऊन पोहोचते.

येथपर्यंत सारे समाधानकारक वाटते. परंतु याच गणितातून खालच्या टोकाशी असलेले प्रतिबल काढले की चित्र बदलते. खरे प्रतिबल २०० न्यूटन प्रति चौ. मिमी. आहे. एका घटकाच्या गणितातून ते १३३, दोन घटकांच्या गणितातून १६० आणि चार घटकांच्या गणितातून १७८ येते. म्हणजे जेथे वाढीच्या उत्तरातील चूक नगण्य झाली आहे, तेथे प्रतिबल अजूनही शेकडा ११ ने कमी दिसत आहे. वस्तू मोडते ती प्रतिबलामुळे. विस्थापन लवकर अचूक होते, प्रतिबल सावकाश होते, ही गोष्ट विद्यार्थ्याने प्रारंभीच मनावर कोरून घ्यावी.

पद्धतीच्या पायऱ्या

दांड्याऐवजी पत्रा किंवा धरणाचा छेद असेल, तर घटक त्रिकोणी किंवा चौकोनी घेतात. भरीव वस्तूसाठी ते विटांसारखे किंवा चार पृष्ठांचे असतात. घटकांचे कोपरे ज्या बिंदूंत मिळतात त्यांना संधिबिंदू म्हणतात. गणितातील अज्ञात राशी म्हणजे या संधिबिंदूंची विस्थापने. घटकाच्या आत विस्थापन कसे बदलते याविषयी एक साधे गृहीत धरले जाते, आणि पद्धतीतील अदमासाचे मूळ येथेच असते. तीन कोपऱ्यांच्या साध्या त्रिकोणात ते सरळ रेषेत बदलते असे मानतात. त्यामुळे त्या त्रिकोणात प्रतिबल सर्वत्र सारखेच निघते आणि शेजारच्या त्रिकोणात जाताना ते एकदम उडी घेते.

यानंतर प्रत्येक घटकाचा ताठरपणा आव्यूहाच्या रूपात मांडतात. सर्व घटकांचे आव्यूह जुळवून संपूर्ण वस्तूचा एक मोठा आव्यूह तयार होतो. वस्तू कोठे टेकली आहे आणि तिच्यावर भार कोणते आहेत, हे त्यात घातले की एकसामयिक समीकरणांचा संच हाती येतो. सपाट आकृतीत १,००० संधिबिंदू असतील तर सुमारे २,००० समीकरणे होतात. मात्र प्रत्येक बिंदूचा संबंध केवळ शेजाऱ्यांशीच येत असल्याने आव्यूहातील बहुतेक जागी शून्येच असतात. या सोयीचा लाभ घेऊन संगणक ती समीकरणे त्वरेने सोडवितो. विस्थापनांवरून विकृती आणि विकृतीवरून प्रतिबल, असा उलटा प्रवास करून अखेरचे उत्तर मिळते.

पद्धतीचा विकास

त्रिकोणांत विभागलेल्या क्षेत्रावर अदमासी उत्तर काढण्याची कल्पना गणितज्ञ रिचर्ड कूरंट यांनी १९४३ मध्ये मांडली होती. संगणकाच्या अभावी ती त्या वेळी मागे पडली. पुढे जेट विमानांच्या पंखांचा ताठरपणा काढण्याची गरज निर्माण झाली. त्या कामातून टर्नर, क्लॉ, मार्टिन व टॉप या चौघांचा निबंध १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला. युरोपात जॉन आर्गिरिस यांचे कार्य त्याच सुमारास चालू होते. 'फायनाइट एलिमेंट' हे नाव रे क्लॉ यांनी १९६० च्या निबंधात योजिले. विमानांसाठी जन्मलेली ही पद्धती थोड्याच वर्षांत धरणांच्या अभ्यासात आली.

कोयनेचे उत्तर

कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ही पद्धती अशा कामासाठी सिद्ध झालेली होती. सुदैवाने धरणातच बसविलेल्या त्वरणमापकाने जमिनीच्या हालचालीची नोंद केली होती. नदीच्या प्रवाहाच्या दिशेने जमिनीचे कमाल त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या जवळजवळ निम्मे होते. कॅलिफोर्निया विद्यापीठातील अनिल चोप्रा व पी. चक्रवर्ती यांनी धरणाच्या छेदाचे घटक पाडले, त्याला ही नोंदलेली हालचाल दिली आणि आपले निष्कर्ष १९७३ मध्ये प्रसिद्ध केले.

धरण हा ताठर ठोकळा नव्हे, हे त्यातून स्पष्ट झाले. पायथ्याशी रोवलेल्या काठीप्रमाणे ते डोलते. माथ्याकडे त्वरण वाढत जाते, त्यामुळे वरच्या भागावर रूढ हिशेबापेक्षा पुष्कळच अधिक जोर येतो. त्यातच उतार जेथे एकदम बदलतो तेथे प्रतिबल एकवटते. गणिताने दाखविलेला ताण त्या ठिकाणी काँक्रीटच्या ताणसामर्थ्यापेक्षा अधिक होता, आणि भेगाही नेमक्या तेथेच पडल्या होत्या. पुढे भेगा इपॉक्सीने भरण्यात आल्या, पोलादी तारदोरांनी धरणाला पूर्वताण देण्यात आला आणि उंच खंडांना मागील बाजूने काँक्रीटचे भक्कम टेकू देण्यात आले.

दुसरी बाजू

याच पद्धतीच्या निष्काळजी वापराचे फळ काय असते, हे नॉर्वेत दिसून आले. उत्तर समुद्रातील 'स्लाइप्नर ए' या तेल-वायू उत्पादनाच्या फलाटासाठी काँक्रीटचा प्रचंड पाया बांधला होता. २३ ऑगस्ट १९९१ रोजी स्टाव्हँगर शहराजवळच्या खाडीत तो पाण्यात खोल उतरविला जात असताना त्याची एक भिंत फुटली आणि काही मिनिटांतच सारी रचना तळाशी जाऊन चक्काचूर झाली. काम करणारी माणसे वेळीच बाहेर पडली, म्हणून प्राणहानी टळली. आर्थिक हानी सुमारे ७० कोटी डॉलरची झाली.

चौकशीत आढळले की, तीन पोकळ्यांच्या मिलनस्थानाजवळील भिंतींसाठी घटकांची जाळी ओबडधोबड घेतली होती. त्यामुळे कर्तन प्रतिबल, म्हणजे एक थर दुसऱ्यावरून सरकवू पाहणारा जोर, शेकडा ४७ ने कमी आले. त्या चुकीच्या आकड्यावर भिंतीची जाडी ठरली. त्याच्या जोडीला पोलादी सळ्यांची गुंतवणही अपुरी होती. अपघातानंतर बारीक जाळी घेऊन केलेल्या गणिताने भिंत ६२ मीटर खोलीवर फुटेल असे सांगितले. प्रत्यक्षात ती ६५ मीटरवर फुटली होती. म्हणजे दोष पद्धतीचा नव्हता, ती वापरण्याचा होता.

विद्यार्थ्यांनी काय करावे?

आज साध्या संगणकावरही या पद्धतीच्या प्रणाली चालतात आणि रंगीत चित्रे क्षणात पडद्यावर येतात. चित्र सुबक आहे म्हणून उत्तर बरोबर आहे, असे मानू नये. संगणक दिलेले समीकरण सोडवितो. समीकरण योग्य आहे की नाही, हे तो सांगत नाही.

म्हणून प्रत्येक गणिताआधी हाताने ढोबळ हिशेब करावा व उत्तर साधारण किती यावे याचा अंदाज बांधावा. सर्व मापे एकाच एकक-पद्धतीत आहेत ना, हे तपासावे. वस्तू पुरेशी टेकविली आहे ना, हे पाहावे. तसे नसेल तर वस्तू अधांतरी राहते आणि समीकरणे सुटतच नाहीत. आधारांवरील प्रतिक्रियांची बेरीज एकूण भाराइतकी येते की नाही, हे ताडून घ्यावे. त्यानंतर जाळी बारीक करून तेच गणित पुन्हा करावे. प्रतिबलाचा आकडा स्थिर होईपर्यंत त्यावर विश्वास ठेवू नये. आतल्या बाजूच्या धारदार कोपऱ्यात तर जाळी जितकी बारीक करावी तितके प्रतिबल वाढतच जाते. तेथील आकडा हे उत्तर नसून, कोपऱ्याला गोलाई द्यावी किंवा वेगळ्या निकषाने विचार करावा, अशी ती सूचना असते.

वर दिलेले दांड्याचे उदाहरण कोणत्याही विद्यार्थ्याला वहीच्या एका पानावर करून पाहता येईल. त्याने घटकांची संख्या आठ करावी आणि टोकाचे प्रतिबल २०० च्या किती जवळ आले ते पाहावे. संगणकापुढे बसण्यापूर्वी केलेला हा अर्ध्या तासाचा अभ्यास पुढील आयुष्यात त्याच्या हातून उभ्या राहणाऱ्या बांधकामांना आणि त्यांच्या आश्रयाने राहणाऱ्या माणसांना उपकारक ठरेल.