स्कर्टिंग : भिंत आणि लादीच्या सांध्यावरची पट्टी

- काम : फरशी पुसतानाचं पाणी आणि झाडूचे फटके भिंतीच्या रंगापासून दूर ठेवणं, लादीची कापलेली कड झाकणं.
- उंची : घरांत बहुधा ३ ते ४ इंच. न्हाणीघरात, ओट्यामागे लाद्यांचं आवरण भिंतीवर बरंच वर चढतं, ते डॅडो.
- साहित्य : लादीचेच कापलेले तुकडे, कोटा, ग्रॅनाइट, लाकूड, पीव्हीसी. साधं एमडीएफ पाण्यानं फुगतं. रोज ओलं पुसणाऱ्या घरात ते अडचणीचंच.
- बसवणं : प्लास्टरबाहेर येणारी पट्टी सोपी, पण वरच्या कडेवर धूळ साचते. भिंतीशी समतल हवी असेल, तर तेवढी खाच प्लास्टरच्या वेळीच सोडतात. बाहेरच्या कोपऱ्यावर दोन्ही कडा ४५ अंशांत.
- लाकडी फ्लोअरिंग : दमट हवेत फुगतं, म्हणून भिंतीलगत साधारण १० मिमी फट. पट्टी भिंतीलाच ठोकायची, फ्लोअरिंगला नाही.