पांथरीत साचलेला मेद

१८८२ साली पॅरिसमध्ये फिलिप गोशे या तरुण डॉक्टराने आपल्या प्रबंधात एका बाईच्या अवाढव्य वाढलेल्या पांथरीचे वर्णन केले. आत फुगीर, अनोळखी पेशी खच्चून भरल्या होत्या. गोशेंना तो अर्बुदाचाच प्रकार वाटला. त्या पेशींत साचलेला पदार्थ ग्लुकोसेरेब्रोसाइड नावाचा मेद आहे, हे कळायला १९३४ साल उजाडले. पण तो साचतो का? या प्रश्नामागे रॉस्को ब्रेडी यांनी आयुष्य लावले.

ब्रेडी फिलाडेल्फियाचे, १९२३ चा जन्म. हार्वर्डमधून डॉक्टर झाले, मग मेदाम्लांच्या जीवरसायनशास्त्रात रमले आणि १९५४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत आले.

आपल्या प्रत्येक पेशीच्या पटलात स्फिंगोलिपिड जातीचे मेद असतात. रक्तपेशी म्हाताऱ्या झाल्या की पांथरी, यकृत आणि अस्थिमज्जेतल्या भक्षकपेशी त्यांना गिळतात आणि पटलाचे तुकडे पायरीपायरीने पचवतात. शेवटाकडे उरते ते ग्लुकोसेरेब्रोसाइड: सेरामाइडला जोडलेला साखरेचा एक रेणू. तो एक सांधा तुटला की काम फत्ते.

गोशे रोगात शरीर हा मेद जास्त बनवत असावे, अशी शंका साहजिक होती. शस्त्रक्रियेत काढलेल्या पांथरीचे काप घेऊन ब्रेडींनी ती तपासली. १९६० मध्ये दिसले, की मेद बनण्याचा वेग नेहमीसारखाच आहे. मला त्यांच्या साऱ्या कामात हा प्रयोग सर्वांत मोलाचा वाटतो. बनण्यात दोष नाही, तर तो मोडण्यातच असणार! डेव्हिड शापिरो यांनी किरणोत्सारी कार्बनची खूण असलेला मेद तयार करून दिला. १९६५ मध्ये ब्रेडी, ज्युलियन कॅन्फर आणि शापिरो यांनी दाखवले, की रुग्णांच्या पांथरीत तो सांधा तोडणारे विकर, ग्लुकोसेरेब्रोसिडेज, फारच तोकडे पडते. पाठोपाठ नीमन-पिक आणि फॅब्री रोगांतली उणी विकरेही याच प्रयोगशाळेने शोधली.

उणे विकर बाहेरून द्यावे, हा विचार ब्रेडींनी १९६६ मध्येच मांडला. सरळ वाटणाऱ्या या कल्पनेला औषध व्हायला पाव शतक लागले. बाळंतपणानंतर टाकून दिल्या जाणाऱ्या वारेतून विकर शुद्ध केले गेले. १९७४ मध्ये दोन रुग्णांना ते शिरेतून दिले, तेव्हा यकृतातला मेद सुमारे २६ टक्क्यांनी घटला. पुढे मात्र यश हुलकावणी देत राहिले, कारण बरेचसे विकर यकृताच्या साध्या पेशीच उचलत होत्या. मेद साठला होता भक्षकपेशींत, आणि तिथवर पोचत होते फार थोडे.

वाट दाखवली भक्षकपेशीच्या पटलानेच. त्यावर मॅनोज या शर्करेला ओळखणारे ग्राहक असतात. म्हणून विकरावरच्या शर्करासाखळ्यांची टोके एकेक करून छाटली, आतले मॅनोज उघडे केले आणि भक्षकपेशी ते आत ओढू लागल्या. १९९१ मध्ये बारा रुग्णांवरचे निष्कर्ष छापून आले: बाराही जणांचे हिमोग्लोबिन वाढले, पांथरी आक्रसली. त्याच एप्रिलमध्ये औषधाला मान्यता मिळाली. मात्र एका रुग्णाच्या वर्षभराच्या औषधाला हजारो बाळंतपणांतली वार लागे. पेशीसंवर्धनातून विकर मिळू लागल्यावर, १९९४ नंतर, ती अडचण सरली.

ब्रेडी २०१६ मध्ये वारले. इतकी वर्षे फळ न देणाऱ्या कामाला सरकारी संस्थेने थारा दिला, हे त्यांच्या चिकाटीइतकेच महत्त्वाचे मानतो.

एक मर्यादा राहिली. शिरेतून दिलेले विकर मेंदूत शिरत नाही. भारतीय रुग्णांत एल४४४पी हा जनुकीय बदल सर्वाधिक दिसतो, आणि तो आई-वडील दोघांकडून आला तर मज्जासंस्थेलाही झळ पोचण्याचा धोका मोठा. त्यामुळे ब्रेडींचे अपुरे राहिलेले काम आपल्याला जास्त जवळचे आहे. औषध जन्मभर घ्यावे लागते, मात्रा वजनावर ठरते. मूल वाढते तसा खर्चही वाढतो. दुर्मीळ आजारांच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणात पुढच्या वर्षी ५० लाखांपर्यंत मदतीची तरतूद झाली, पण जन्मभराच्या औषधाला कमाल मर्यादा घालणे मला अन्यायाचे वाटते. ती मर्यादा उठलीच पाहिजे.

तोवर वाचकांना एकच विनंती. एखाद्या मुलाचे पोट फुगलेले राहते, रक्त वाढत नाही, प्लेटलेट कमी भरतात आणि कारण सापडत नाही, असे दिसले तर डॉक्टरांना या विकराच्या चाचणीविषयी जरूर विचारा. ती रक्तावर होते, आणि परळचे केईएम रुग्णालय दुर्मीळ आजारांच्या सरकारी केंद्रांपैकी एक आहे.