गाडी उचलायची, पण कशावर?

गाडीखाली उताणं झोपून काम करणाऱ्या माणसाची छाती आणि गाडीचा तळ यांत जेमतेम हातभर अंतर असतं. गाडी लहान असली तरी वरचं वजन सातशे ते नऊशे किलो भरतं. ते कशावर टेकलं आहे, हा घरच्या गॅरेजमधला पहिला प्रश्न आहे. पण लिफ्ट किंवा रॅम्प घ्यायला निघालेली माणसं बहुतेक वेळा किंमत आणि टनेज विचारतात, आणि पायाखालच्या जमिनीची चौकशी राहून जाते. कोल्हापुरात आमच्या दाजींच्या घरी ही निवड सुरुवातीपासून शेवटपर्यंत जवळून पाहायला मिळाली.

दाजींकडे दोन गाड्या आहेत. रोजची स्विफ्ट आणि जिवापाड जपलेली प्रीमियर पद्मिनी. पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन पुढे, पण चालतात मागची चाकं. मधून प्रोपेलर शाफ्ट जातो, मागे पाट्यांची स्प्रिंग आणि जाड नळीसारखा सरळ अ‍ॅक्सल. खाली ग्रीस मारायच्या जागा पुष्कळ. ही गाडी चालू ठेवायची तर तिच्याखाली जाणं चुकत नाही. आता ती शिकलेले मेकॅनिकही कमी होत चालले आहेत, त्यामुळे दाजी रविवारी स्वतःच हात काळे करतात. वय पन्नाशीच्या पुढे गेल्यावर जमिनीवर सरपटणं नको झालं, आणि लिफ्टचा विषय निघाला.

दाजींचे वडील, आबा, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "लिफ्ट कशाला, खड्डा काढ." एसटीच्या डेपोंत पिढ्यान्‌पिढ्या खड्ड्यावर काम झालं आहे. बस वर उभी, माणूस खाली ताठ उभा, वजन थेट जमिनीवर. हा सगळ्यात भक्कम प्रकार आहे, यात वाद नाही. पण डेपोचा खड्डा उघड्या, वारा खेळणाऱ्या शेडमध्ये असतो. घराच्या पोर्चमधल्या अरुंद खड्ड्यात पेट्रोलची वाफ उतरून साचते, कारण ती हवेपेक्षा जड असते. एलपीजीचंही तेच. सीएनजी हलका असल्यामुळे वर निघून जातो, पण पद्मिनी पेट्रोलवर चालते. अशा खड्ड्यात हँडलॅम्पची एक ठिणगी पुरेशी होते. त्यात हे कोल्हापूर. २०१९ आणि २०२१ चा पूर पाहिलेल्या या शहराच्या सखल भागात जमिनीखाली पाच फूट खड्डा काढला, तर पावसाळाभर पाणी उपसत बसावं लागेल. आबांनी हे ऐकून घेतलं, थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मग जे काय आणशील ते लॉकवर बसणारं आण. तेलाच्या भरवशावर राहू नकोस."

या वाक्यात उचलण्याच्या यंत्राचं सगळं मर्म आहे. हायड्रॉलिक जॅक असो की लिफ्ट, वर नेण्याचं काम तेलाचा दाब करतो. पण वर धरून ठेवण्याचं काम तेलाकडे द्यायचं नसतं. सील झिजतं, नळी फुटते, व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकतो आणि गाडी खाली येते. म्हणून चांगल्या लिफ्टच्या खांबात दात्यांची पट्टी असते. गाडी हव्या त्या उंचीवर गेली की ती थोडी खाली घेऊन त्या दात्यांवर टेकवायची, म्हणजे वजन लोखंडावर येतं. उतरवताना आधी किंचित वर उचलायची, दोन्ही बाजूंचे लॉक सोडायचे आणि मगच खाली घ्यायची. ट्रॉली जॅकला असं लॉक नसतं, म्हणून त्याच्या जोडीला जॅक स्टँड लागतात. स्टँडही डोळे झाकून घ्यायचे नाहीत. २०२० साली अमेरिकेत एका मोठ्या दुकानसाखळीला आपले तीन आणि सहा टनी स्टँड परत मागवावे लागले होते, कारण दाते नीट अडकत नव्हते. बदली दिलेल्या स्टँडपैकी काहींच्या वेल्डिंगमध्येही पुढे दोष निघाला. जाड खीळ आरपार घालून उंची ठरवायची असे स्टँड मला जास्त भरवशाचे वाटतात. खीळ आत आहे की नाही हे डोळ्यांना दिसतं.

दाजींचं मन मात्र टू-पोस्ट लिफ्टवर बसलं होतं. दोन खांब, चार हात, चाकं मोकळी आणि गाडी डोक्याच्या वर. काम करायला याच्याइतकं सुखाचं दुसरं काही नाही. विक्रेत्याचा माणूस येऊन पोर्च पाहून गेला. "चार टनी आहे, तुमची गाडी टनाचीसुद्धा नाही," असं त्याने सांगितलं. बोलणं खरं होतं, पण ते लिफ्टच्या ताकदीबद्दल होतं. पोर्चबद्दल त्यात काहीच नव्हतं.

आधी वरचा हिशेब केला. अशी लिफ्ट गाडीला साधारण १.८ मीटर उचलते. पद्मिनी सुमारे दीड मीटर उंच. म्हणजे वर सव्वातीन मीटरपेक्षा जास्त मोकळी जागा हवी. पोर्चचा स्लॅब साडेनऊ फुटांवर, म्हणजे २.९ मीटर. गाडी पूर्ण वर जाणारच नव्हती. खांब जमिनीवरच्या पट्टीने जोडलेले असतील तर ते कसेबसे मावले असते, पण गाडी कमरेच्या थोडी वर येऊन थांबली असती आणि काम वाकूनच करावं लागलं असतं. वीज हा दुसरा मुद्दा. या लिफ्टची मोटर बहुधा तीन एचपीची असते. गॅरेजांसाठी ती थ्री-फेजवर येते, घरात सिंगल फेज. सिंगल फेजची मोटर मिळते, पण सुरू होताना ती मोठा झटका खाते, म्हणजे वेगळी लाइन आणि योग्य एमसीबी आलाच. विजेचा प्रश्न तरी पैशाने सुटणारा होता.

जमिनीचा प्रश्न तसा नव्हता. तो उद्यमनगरच्या फॅब्रिकेटरमुळे उघड झाला. शिवाजी उद्यमनगर हा कोल्हापूरच्या कारागिरीचा गाभा आहे. फाउंड्री, लेथ, वेल्डिंग एकमेकांना खेटून. लोखंडाचं काहीही करून घ्यायचं तर माणूस आधी तिथे जातो. दाजींनी त्याला खांबांचे बोल्ट मारायला बोलावलं होतं. त्याने ड्रिल गाडीतच ठेवलं आणि म्हणाला, "पाव्हणं, आधी एक फरशी उचलून बगू द्या. खाली नुसता मुरूम असंल तर बोलट कशात धरणार?"

कोपऱ्यातली शहाबादी फरशी उचलली. खाली वाळू-सिमेंटचा थर, त्याखाली तीन इंच कोबा, त्याच्याखाली मुरूम. कोब्यावर हातोडा मारला तर खडी सुटून आली. घराच्या पोर्चखाली बहुतेक ठिकाणी हेच असतं. बांधताना १:४:८ चं कोरडं काँक्रीट टाकतात, कारण त्यावर नुसती गाडी उभी राहणार असते. त्याची ताकद चौरस मिलिमीटरला ७.५ न्यूटनच्या आसपास धरतात. लिफ्टच्या पुस्तिका बहुधा चार ते सहा इंच जाडीचं आणि वीस न्यूटनच्या घरातलं काँक्रीट मागतात, म्हणजे एम-२०, १:१.५:३ चा माल. शिवाय बोल्ट सांध्याच्या किंवा कडेच्या जवळ नको आणि ओतल्यापासून २८ दिवस गेलेले हवेत.

ही मागणी कुठून येते हे समजून घेण्यासारखं आहे. टू-पोस्टमध्ये गाडीचं वजन खांबांवर सरळ खाली उतरत नाही. गाडी दोन खांबांच्या मध्ये, हातांच्या टोकांवर असते. त्यामुळे प्रत्येक खांब सतत आतल्या बाजूला कलंडू पाहतो आणि बाहेरच्या बाजूचे बोल्ट जमिनीतून उपसले जायला बघतात. त्या उपसण्याला तोंड देतं ते फक्त काँक्रीट. ते ठिसूळ असेल तर बोल्ट सुळक्यासारखा तुकडा घेऊन वर येतो, आणि त्या वेळी गाडीखाली माणूस असतो. हे इतकं साधं सत्य लिफ्ट विकणाऱ्याने स्वतःहून सांगायला हवं होतं, असं मला आजही वाटतं. फॅब्रिकेटरने ते सांगितलं आणि बोल्ट मारायचं काम नाकारलं. त्याला त्या कामाचे पैसे मिळणार होते, तरीही.

मग सिझर लिफ्टचा विचार झाला. कात्रीसारखी दुमडणारी, मीटर-सव्वा मीटर उचलणारी. तिचं वजन पसरून जमिनीवर येतं, त्यामुळे फरशीची अडचण कमी. स्विफ्टच्या ब्रेक आणि चाकांसाठी उत्तमच. पण ती गाडीच्या मधोमध बसते, आणि पद्मिनीचं निम्मं काम मधोमधच असतं, शाफ्ट आणि सायलेन्सर दोन्ही. दुसरं म्हणजे टू-पोस्ट आणि सिझर दोन्ही गाडीला दारांखालच्या पट्टीत धरतात. पद्मिनीला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळं पेलते. दाजींनी पेचकसाच्या मुठीने त्या पट्टीवर टकटक केली तर एका बाजूला आवाज बसका आला. आतून गंज. अशी पट्टी लिफ्टच्या हातावर दबली तर दार लागणं बंद होतं, आणि गाडी वर असताना दबली तर त्याहून वाईट. जुन्या गाड्यांच्या मालकांनी ही तपासणी यंत्र पाहण्याआधी करावी. गंजलेली गाडी चाकांवरच उचललेली बरी. फोर-पोस्ट ते करते, गाडी तिच्यावर चालवत नेतात, पण तेवढी लांबी त्या पोर्चमध्ये नव्हती.

उरले रॅम्प. बाजारातले तयार रॅम्प आठ इंच उंच आणि तीन फूट लांब असतात, म्हणजे चढ जवळपास साडेबारा अंशांचा. पद्मिनी त्यावर सहज चढेल, पण स्विफ्टचा पुढचा बंपर चाक टेकायच्या आधीच घासण्याची शक्यता. तोच उतार पाच फुटांचा केला तर चढ साडेसात अंशांवर येतो. म्हणून रॅम्प उद्यमनगरातच करून घ्यायचे ठरले. खाली चॅनल, मध्ये अँगलचे टेकू, वर चेकर्ड प्लेट, शेवटी चाक अडवायला आडवी पट्टी. पुढच्या एका चाकावर अडीचशे किलोच्या आसपास भार येतो. फॅब्रिकेटरने त्याच्या कितीतरी पट धरून टेकू घातले आणि रॅम्प तयार झाल्यावर स्वतःचा भरलेला टेम्पो त्यावर चढवून दाखवला.

रॅम्पचा खरा धोका मोडण्यापेक्षा सरकण्याचा असतो, आणि दोन गाड्यांना तो वेगवेगळ्या तऱ्हेने असतो. पद्मिनीला मागची चाकं ढकलतात, पुढची नुसती फिरतात, म्हणून चढताना सगळा रेटा रॅम्पला पुढे लोटतो. गुळगुळीत फरशीवर तो घसरत जातो. स्विफ्टची पुढचीच चाकं ओढतात. तिथे ॲक्सिलरेटर जास्त दिला की चाक फिरून रॅम्प उलटा मागे फेकला जातो. दोन्हींवर एकच इलाज केला. रॅम्पच्या तोंडाला जाड रबरी पट्टा बोल्टने जोडला, गाडी आधी त्या पट्ट्यावर येते आणि स्वतःच्या वजनाने रॅम्प धरून ठेवते. समोर एक माणूस हाताने इशारा करायला उभा, पण गाडीच्या रेषेत नाही, बाजूला.

रॅम्पची मर्यादाही सांगायला हवी. चाक रॅम्पवर टेकलेलं असतं, म्हणजे ब्रेकचं काम होत नाही. गाडी तिरकी उभी राहते, त्यामुळे गिअरबॉक्स आणि मागच्या डिफरन्शियलचं तेल मोजता येत नाही, त्यासाठी गाडी सपाटच हवी. म्हणून दाजींनी दोन टनी ट्रॉली जॅक आणि चार स्टँड घेतले. पद्मिनीचा मागचा अ‍ॅक्सल सरळ नळी असल्याने स्टँड थेट त्याच्याखाली लागतात, गंजलेल्या पट्टीला हात लावावा लागत नाही. मागची चाकं उचलली की हँडब्रेकचा उपयोग संपतो, कारण तो त्याच चाकांना धरतो. तेव्हा पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे. सगळं लावून झालं की आबा येऊन गाडीला खांद्याने दोन धक्के देतात. हलली नाही तरच दाजी खाली जातात.

घराच्या पोर्चसाठी माझं मत यावरून पक्कं झालं आहे: लांब रॅम्प, चांगले स्टँड आणि ट्रॉली जॅक. बहुतेकांना याच्या पुढे जायची गरज पडत नाही, आणि खर्च लिफ्टच्या जवळपासही जात नाही. नवं घर बांधत असाल आणि गाडीचा नाद असेल तर पोर्चच्या त्या पट्ट्यात जाळी घालून सहा इंच एम-२० ओतून घ्या. बांधकामात ते किरकोळ भावात होतं. आणि बांधलेल्या घरात लिफ्ट घ्यायचीच असेल, तर विक्रेत्याला आगाऊ रक्कम देण्याआधी कोपऱ्यातली एक फरशी उचलून खाली काय आहे ते स्वतः पाहा.