चष्मा काढू नका, आधी मान वळवून बघा

जानेवारीत वरूडच्या बगिच्यांत झाडांवर मृग बहाराचा संत्रा पिकत असतो आणि डोक्यावर मृग नक्षत्र आलेलं असतं. अशाच एका रात्री आम्ही सहा इंची दुर्बीण लावली होती. आठवीतल्या एका मुलीला मी सवयीनं म्हटलं, चष्मा काढून बघ.

"काका, रोहिणी त फाटल्यावानी दिसते."

फोकस पुढे-मागे केला. आडवी रेघ उभी झाली, पण ठिपका होईना. मग तिनं चष्मा चढवला आणि ओरडलीच, "आता गोल दिसते!"

त्या दिवसापासून मी कुणालाही सरसकट चष्मा काढायला सांगत नाही. जवळचा किंवा लांबचा नंबर दुर्बिणीचा फोकस भरून काढतो. सिलिंडरचा नंबर, म्हणजे दृष्टिवैषम्य, त्याच्या हाती लागत नाही. यात कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा, बाक एका दिशेला जास्त, दुसरीला कमी असतो. एका दिशेचे किरण आधी जुळतात, काटकोनातले नंतर. मधे कुठेही थांबलात तरी तारा पसरलेलाच. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांच्या डाव्या डोळ्यात हाच दोष होता. काळ्या कार्डाला बारीक छिद्र पाडून, उजेडाचा तो ठिपका कोणत्या अंतरावर कोणत्या दिशेची रेघ होतो हे त्यांनी मोजलं आणि १८२५च्या सुमारास स्वतःसाठी दंडगोलाकार भिंग घासून घेतलं. आज सिलिंडरच्या नंबराच्या चष्म्यात त्याच तत्त्वाचं भिंग असतं.

दोष कधी जाणवतो, हे आयपीसमधून, म्हणजे डोळा लावायच्या भिंगातून, निघणाऱ्या प्रकाशझोताच्या जाडीवर ठरतं. आमची दुर्बीण एफ/८, म्हणजे केंद्रांतर आरशाच्या व्यासाच्या आठपट. २५ मिमी केंद्रांतराचा आयपीस लावला की २५ भागिले ८, म्हणजे साधारण तीन मिमीचा झोत. कॉर्नियाचा बराच भाग वापरला जातो, रेघ दिसते. ६ मिमीच्या आयपीसला झोत पाऊण मिमीचा. एवढ्याशा तुकड्यात वाकडेपणा जवळजवळ उरत नाही, चष्मा खुशाल काढावा. तिथं साध्या आयपीसला डोळा अगदी चिकटवावा लागतो, चष्मा मावतही नाही. कमी वर्धनाला मात्र आयपीसची रबरी कड दुमडून चष्म्यासकट बघावं.

रेघ दिसली तर मान हळूहळू तिरकी करा. रेघ मानेबरोबर फिरली तर दोष डोळ्याचा. नाही फिरली तर आयपीस नळीतच फिरवा. त्याच्याबरोबर फिरली तर आयपीसचा. दोन्हीला दाद दिली नाही, तर आरसा तपासा.

नंतर मृगातल्या तेजोमेघाकडे दुर्बीण वळवली. मुलीनं चष्म्यासकट त्यातले चार चिमुकले तारे मोजले, मग चष्मा काढून पुन्हा मोजायला लागली.