येसरची आमटी खाल्ली की शुगर कमी होते का?

‘मसाले खा, शुगर पळवा’ असे मेसेज तुमच्याही ग्रुपवर येतच असतील. जालना जिल्ह्यात तर भोकरदन तालुक्यातलं पिंपळगाव रेणुकाई मिरचीच्या बाजारासाठी ओळखलं जातं आणि लग्नाच्या पंगतीत येसरची आमटी असते. त्यामुळे असा मेसेज वाचून बरं वाटणारच. पण त्यात तथ्य किती?

जेवल्यावर शरीरात काय होतं?

भाकरी, भात, पोळीतल्या पिठूळ भागाची साखर होऊन ती रक्तात येते. जेवण तेला-तुपाचं आणि भरपेट असेल, तर रोगप्रतिकारक पेशीही काही तास चवताळतात. यालाच दाह म्हणतात. हा दाह सतत राहिला तर हृदयविकाराचा धोका वाढतो.

मसाल्याने काय फरक पडतो?

अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाने २०२० मध्ये याचा अभ्यास केला. वजन जास्त असलेल्या १२ पुरुषांना वेगवेगळ्या दिवशी सारखंच जड जेवण दिलं. एकदा बिनमसाल्याचं, एकदा २ ग्रॅम आणि एकदा ६ ग्रॅम मसाला घालून. मसाल्यात हळद, धणे, जिरे, आलं, मिरी, दालचिनी असं बरंच काही होतं. ६ ग्रॅम मसाल्याच्या जेवणानंतर ४ तासांनी रक्तातल्या पेशींमधून ‘इंटरल्युकिन-१ बीटा’ हा दाह वाढवणारा घटक कमी बाहेर पडला. २ ग्रॅमने तसा फरक दिसला नाही.

पण हे फक्त १२ जण होते. अभ्यासाला मसाले विकणाऱ्या मॅकॉर्मिक कंपनीच्या संस्थेचा निधी होता. शिवाय ६ ग्रॅम म्हणजे चहाचे दोन-तीन चमचे, तेही एकाच माणसाच्या एका जेवणात. चौघांच्या भाजीत आपण एवढा मसाला घालतो का?

आणि शुगरचं काय?

इथे मेथीचं नाव हमखास येतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या १९९० च्या प्रयोगात मेथीच्या पुडीने मधुमेहींची उपाशीपोटीची शुगर उतरली होती. पण मात्रा होती रोज १०० ग्रॅम! फोडणीतल्या चिमूटभर मेथीकडून तशी अपेक्षा ठेवता येत नाही.

येसरची तर आणखी एक गंमत आहे. त्यात मसाल्यांसोबत भाजलेली धान्यं आणि डाळी दळलेल्या असतात. आमटीला दाटपणा येतो तो त्यामुळेच. म्हणजे आमटीसोबत थोडं पीठही पोटात जातं. त्यावर भात आणि दोन भाकरी झाल्या, तर शुगर वाढणार ती त्यांच्यामुळे. ती वाढ झणझणीतपणाने थांबत नाही.

मग करायचं काय?

मसाला चवीसाठी बिनधास्त खा. त्याच्या भरवशावर मधुमेहाची गोळी मात्र बंद करू नका. मेथीची पूड किंवा दालचिनी रोज जास्त प्रमाणात घेत असाल, तर डॉक्टरांना सांगा. गोळी आणि मेथी मिळून शुगर गरजेपेक्षा खाली जाऊ शकते. बाजारात सहज मिळणाऱ्या कॅसिया दालचिनीतलं कुमारिन जास्त झालं, तर यकृताला त्रास होऊ शकतो.

आणि मेसेज खरा की खोटा हे पाहायचंच असेल, तर पहिल्या घासापासून दोन तासांनी शुगर तपासा. तुमच्या ताटाचा हिशोब तिथेच कळेल.