ड्यूसेलडॉर्फमधला भुरका

आम्हा जबलपूरकर मराठी मंडळींना परमुलखातील अन्नाचे अप्रूप तसे कमीच. सकाळी पोहे-जिलबी आणि सायंकाळी कॉफी हाऊसमधला डोसा, यांवर आमची पिढी वाढली. कॉफी बोर्डाची उपाहारगृहे बंद होऊ लागली, तेव्हा १९५७ पासून कामगारांनी सहकारी संस्था स्थापून ती स्वतः चालवावयास घेतली. त्यांपैकी एका संस्थेचे मुख्यालय आमच्या जबलपुरातच आहे. केरळातून आलेल्या त्या वाढप्यांचा डोसा आमचा केव्हा झाला, हे कुणालाच सांगता यावयाचे नाही.

गतवर्षी मार्चमध्ये मुलाकडे जर्मनीत, ड्यूसेलडॉर्फला जाण्याचा योग आला. तेथील मुख्य रेल्वेस्थानकासमोरून निघणारा इमरमान रस्ता म्हणजे एक छोटे जपानच! महायुद्धानंतर रूर खोऱ्यातील पोलाद व यंत्रसामग्रीसाठी जपानी कंपन्या येथे आल्या. मागोमाग कुटुंबे आली, १९७१ मध्ये जपानी शाळा निघाली आणि खाणावळीही आल्या. अशाच एका रामेनच्या दुकानासमोर रविवारी दुपारी, बोचऱ्या वाऱ्यात आम्ही रांगेत उभे राहिलो. आयुष्य बँकेच्या काउंटरमागे गेल्यामुळे रांगेच्या या बाजूला उभे राहण्याची मला फारशी सवय नाही.

रामेन म्हणजे गरम रश्श्यातील गव्हाच्या शेवया. हा पदार्थ मूळचा जपानचाही नव्हे. तो चिनी स्थलांतरितांबरोबर तेथे गेला. १९१० मध्ये तोक्योच्या असाकुसा भागात निघालेल्या ‘राईराईकेन’ या दुकानात योकोहामाचे चिनी आचारी होते. युद्धोत्तर टंचाईत अमेरिकन गव्हामुळे तो घरोघरी पोहोचला. कणीक मळताना क्षारयुक्त पाणी घालतात, त्यामुळे शेवयांना पिवळसर झाक आणि चिवटपणा येतो. आपल्या पापडखाराचेच हे भावंड, असे सौभाग्यवतींनी पहिल्या घासातच ओळखले.

पण तो घास येण्यापूर्वी एक प्रसंग घडला. सौभाग्यवती कट्टर शाकाहारी. रामेनचा रस्सा बहुधा डुकराच्या किंवा कोंबडीच्या हाडांचा, आणि मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा रस्सासुद्धा कधी माशांच्या पाण्यावर करतात. मुलाने खोदून खोदून विचारले आणि आईसाठी भाज्या व टोफू घातलेला, निव्वळ शाकाहारी वाडगा निश्चित केला. ‘‘मलाही तोच,’’ तो म्हणाला. तेवढ्यात भट्टीमागच्या वयस्क आचाऱ्याने त्याला पाहिले, हात उंचावला आणि जर्मनमध्ये हसत काही विचारले. मुलगा गोरामोरा झाला.

‘‘काय म्हणाले ते?’’ आईने विचारले.

‘‘नेहमीचंच ना, असं विचारतायत.’’

पहिल्या हिवाळ्यात फोनवर ‘जेवण व्यवस्थित चालू आहे’ असे तो सांगत असे. तेव्हा दुपारी चारच्या सुमारास अंधारत असे, ओळखीचे कुणी नव्हते आणि दर रविवारी तो येथे एकटाच येऊन बसत असे, हे आम्हांला त्या दिवशी कळले. सौभाग्यवती क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘तू तुझं नेहमीचंच घे. आणि त्यांना माझा नमस्कार सांग.’’

वाडगे आले. आजूबाजूचे लोक मोठ्याने भुरके मारीत होते. रामेन खाण्याची तीच रीत. कढीच्या भुरक्यावरून बालपणी खाल्लेली बोलणी आठवून मीही वाडगा तोंडाला लावला. काड्यांशी मात्र आमचे जमेना. अखेर काटे मागविले. सौभाग्यवतींनी मुलाच्या वाडग्याकडे एकदाच पाहिले आणि स्वतःच्या वाडग्यातील टोफूचा एक तुकडा उचलून त्याच्या वाडग्यात टाकला.

आमच्या कॉफी हाऊसमध्ये एका कपावर दोन तास गप्पा रंगतात; येथे वाडगा रिकामा झाला की उठावयाचे, कारण बाहेर माणसे कुडकुडत असतात. पैसे द्यावयास मुलाने कार्ड काढले, तर दुकानात केवळ रोख चालत असे. मग मीच खिशातील युरोच्या नोटा नि नाणी काढून, जुन्या सवयीने दोनदा मोजून दिली. दरम्यान सौभाग्यवती भट्टीपाशी जाऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांना जर्मन येत नव्हते, आचाऱ्यांना मराठी. तरी दोघांनी वाकून केलेले नमस्कार बराच वेळ चालले होते.